मर्यादेखाली पकडतं कोण

समज, तू एका लिफ्टमध्ये उभी आहेस. किंवा उभा आहेस, लिफ्टला त्याचं काही नसतं. दार लागलंय, बटण दाबलंय. आता डोळे मिट आणि मनातल्या मनात त्या लिफ्टच्या छतावर चढ. तिथं तारांचे जाड दोर आहेत, त्यांवरच ती टांगलेली आहे. आता एक जरा भीतीची गोष्ट मनात आण. घाबरू नकोस, मी इथंच आहे. ते दोर तुटले, सगळेच्या सगळे.

काय होईल?

लिफ्ट खाली आदळेल, असं बहुतेक मुलं म्हणतात. मोठी माणसंही तेच म्हणतात. पण तसं होत नाही. लिफ्ट खाली निघते हे खरं, पण सगळ्यात वरती, मशीन रूममध्ये, एक चाक असतं. लिफ्ट किती वेगानं चाललीय यावर लक्ष ठेवणं एवढंच त्याचं काम. वेग ठरलेल्या मर्यादेच्या पुढं गेला की ते चाक अडकतं, त्याला जोडलेला बारीक दोर ताणला जातो, आणि लिफ्टच्या पोटाखालच्या लोखंडी पाचरी दोन्ही बाजूंच्या रुळांना करकचून चावतात. लिफ्ट जिथल्या तिथं उभी राहते. आतल्या माणसाला एक हिसका बसतो, एवढंच.

हे नीट लक्षात ठेव. मर्यादा ओलांडली की पकडायचं. आपल्या गोष्टीतल्या बाबांचं सगळं काम या एका वाक्यावर चालायचं, आणि त्यांची चूकही त्या वाक्यामुळेच झाली.

बाबा लिफ्टचे मिस्त्री होते. त्यांना एक मुलगी होती. तिला ते वायसर म्हणायचे. वायसर म्हणजे नट आणि बोल्ट यांच्या मध्ये बसते ती चपटी चकती. लहानपणी ही पोर रोज आई आणि बाबांच्या मध्ये येऊन झोपायची, म्हणून ते नाव पडलं. आई गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. नाव तेच राहिलं.

दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतात, मग ओठ आपला असूनही आपला वाटत नाही, हे तुला माहीत असेल. त्या घराचं तसं झालं होतं. कुणी रडत नव्हतं. स्वयंपाक व्हायचा, शाळेची वेळ पाळली जायची, बाबा कामावर जायचे आणि यायचे. गरम कढईला हात लागला तर बाबा हात काढून घ्यायचे, पण जरा उशिरा. वायसरला वर्गात बक्षीस मिळालं, तेव्हा तिनं ते आणून कपाटावर ठेवलं आणि त्यावर धूळ बसू दिली.

घरात तिसरं माणूस म्हणजे आत्या, बाबांची थोरली बहीण. ती दुसऱ्या गावी राहायची, पण महिन्या-दोन महिन्यांनी येऊन चार दिवस राहून जायची. घरात बोलण्याचं काम तेव्हा तीच करायची, तिघांच्या वाटचं.

आता पैशांचं सांगतो. आईच्या विम्याचे पैसे आले होते. ते राहत होते ते घर भाड्याचं होतं, आणि घरमालकांनी सांगून ठेवलं होतं की दोन वर्षांनी मी हे विकणार, पहिल्यांदा तुम्हाला विचारीन. घर घेता आलं तर प्रश्नच नव्हता. नाही आलं, तर बाबांना कंपनीच्या खोलीत राहायला जावं लागणार होतं. तिथं रात्रपाळीचे मिस्त्री आळीपाळीनं झोपतात, तिथं मुलीला जागा नाही. मग वायसर आत्याकडे जाणार, दुसऱ्या गावी, दुसऱ्या शाळेत. आत्या तिला मायेनं सांभाळणार यात शंकाच नव्हती. पण बाबा महिन्यातून एकदा भेटणार. हे सगळं वायसरच्या देखत बोलून झालं होतं, आणि तिनं मान हलवून "बरं" म्हटलं होतं.

तर ते विम्याचे पैसे बाबांनी बँकेतल्या एका बाईंच्या सल्ल्यानं कशात तरी गुंतवले. कशात तरी असं मी मुद्दामच म्हणतो, कारण बाबांना विचारलं तर तेही तेवढंच सांगू शकले असते. त्याला स्ट्रक्चर्ड नोट म्हणतात. मुदत दोन वर्षांची, म्हणजे घर विकायला निघेपर्यंतची.

एका संध्याकाळी आत्या टीव्हीसमोर भाजी निवडत बसली होती. टीव्हीचा आवाज बंद होता, या घरात तो बंदच असायचा. खालच्या पट्टीवर बाजाराचा आकडा सरकत होता. शेजारी लाल बाण होता, खाली टोक असलेला.

"आज परत पडला तुझा तो आकडा," आत्या म्हणाली.

"बघितलं," बाबा म्हणाले.

"बघितलं म्हणे. अरे, दूध उतू गेलं तर माणूस निदान खुर्चीवरून उठतो. तू नुसता बघतोस."

"अजून थोडा खाली गेला की पकडेल."

"कोण पकडेल?"

"मर्यादा आहे ना. आपण पैसे ठेवले तेव्हा तो शंभर होता असं धरायचं. पासष्टला मर्यादा आहे. तिथं पोचला की पैसे जिथल्या तिथं. मग बाजार कितीही पडू दे."

आत्यानं हातातली जुडी खाली ठेवली. "म्हणजे तू तो पडायची वाट बघतोयस?"

बाबांनी यावर खरंच विचार केला. "तसंच म्हण. आत्ता अडुसष्टला आहे. असं मधे लोंबकळण्यापेक्षा एकदा अडकलेलं बरं."

"तुझं डोकंच दोन मजल्यांच्या मधे अडकलंय," आत्या म्हणाली. "शहरभर लोक देव पाण्यात घालून बसलेत की बाजार वर जावा, आणि हे एक आमचे शहाणे."

वायसर जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. तिनं मान वर केली. "बाबा, पाचरी कुठं आहेत?"

"कुठल्या?"

"आकड्याच्या. त्याला पकडणाऱ्या."

"असतील बँकेकडे."

"तू हात लावून बघितल्यास?"

हे तिनं खोडी काढायला विचारलं नव्हतं. बाबांनीच तिला शिकवलं होतं की पाचरी आहेत असं कुणी सांगितलं म्हणून त्या असत नाहीत. खाली वाकायचं, हात लावायचा, मग म्हणायचं आहेत.

"हे बघ," बाबा म्हणाले, "लिफ्टमध्ये शिरणारा माणूस पाचरी बघायला मागतो का? नाही मागत. माझ्यावर विश्वास ठेवतो, बटण दाबतो. तसाच मीही ठेवला. ज्याचं त्याचं काम असतं."

यावर तुला उत्तर सुचलं असतं का? मला तरी पटकन सुचलं नसतं. विश्वास ठेवणं वाईट नाही. पण बटण दाबणाऱ्याला निदान एवढं तरी माहीत असतं की आपण लिफ्टमध्ये आहोत.

तेवढ्यात डोक्यावर, खूप वरून, घरघर ऐकू आली. त्यांच्या इमारतीची लिफ्ट जुनी होती.

"एवढं इथं ऐकू येतं, तर वरच्या घरात काय होत असेल," आत्या म्हणाली. सगळ्यात वरचं घर बरोबर मशीन रूमच्या खाली होतं. कितीतरी दिवस ते रिकामं पडलं होतं. "त्याचा मालक भाव पाडून पाडून दमला बिचारा. ते घर घ्यायचं तर आधी बहिरं व्हायला हवं." आपल्याच बोलण्यावर ती हसली. दुसरं कुणी हसलं नाही, तशी तिनं जुडी परत उचलली.

त्यानंतरच्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती. आत्या गुडघेदुखीमुळे अजून इथंच होती, पण पडून होती, म्हणून वायसर बाबांबरोबर कामावर गेली. त्या दिवशीचं काम नेमकं बँकेच्याच इमारतीत होतं. तिथली लिफ्टही बाबांकडेच होती.

कामाची त्यांची एक रीत होती. आल्याबरोबर पिशवीतून पत्र्याची पाटी काढायची आणि लिफ्टच्या दाराला अडकवायची. पाटीवर लिहिलेलं असायचं, लिफ्ट बंद आहे, काम चालू आहे. पाटी लागल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. कधी येता-जाता लिफ्टचा आवाज जरा जरी वेगळा वाटला, तरी आधी पाटी. लोक कुरकुरतात, मालक फोन करतो, करू दे. काय बिघडलंय ते शोधायला मग वेळच वेळ असतो. आणि पाटी कुणीही लावावी, त्याला मिस्त्रीच लागतो असं नाही, हेही बाबांनी तिला सांगितलं होतं.

त्या दिवशी पाटी वायसरनं लावली. थोड्या वेळानं त्या बँकेतल्या बाई आल्या, दाराकडे बघितलं, आणि सुस्कारा टाकून जिन्याकडे वळल्या.

"मिस्त्री, तुमच्या कृपेनं आज माझं वजन उतरणार," त्या म्हणाल्या. मग पायरीवरच थांबल्या. "बरं झालं दिसलात. फोन करणारच होते. काम झालं की वर या, त्या नोटबद्दल बोलायचंय. आणि या मदतनीस बाईंनाही आणा."

काम झालं. बाबांनी पाटी काढून पिशवीत ठेवली, हात पुसले आणि दोघं वर गेली. बाईंच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. वायसर एकीच्या काठावर बसली, पिशवी तिच्या पायाशी.

"निर्देशांक मर्यादेच्या फार जवळ आलाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही काय ठरवलंय?"

"काही नाही. येऊ दे की जवळ," बाबा म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून बघितलं. मग वायसरकडे वळून म्हणाल्या, "तुला कळतंय का आम्ही कशाबद्दल बोलतोय?"

"नाही," वायसर म्हणाली. "सांगा."

बाईंना बहुतेक असं सांगायला आवडायचं. त्यांनी एक कोरा कागद ओढला. "हा निर्देशांक. खूप कंपन्यांचे भाव एकत्र करून केलेला एक आकडा. आमच्या भाषेत तो अंडरलाइंग. बाबांचे पैसे त्या कंपन्यांमध्ये ठेवलेले नाहीत बरं का. ते ज्या संस्थेनं ही नोट काढली तिच्याकडे आहेत, आणि परत द्यायचे ते तिनंच. पण किती द्यायचे, हे या आकड्यावरून ठरतं."

"म्हणजे पैसे लिफ्टमध्ये बसलेले नाहीत, पण लिफ्ट पडली तर पैसे पडतात."

"बरोबर," बाई हसल्या. "वर्ष झालं की थोडी रक्कम मिळते, ती कूपन."

"ती मिळाली," बाबा म्हणाले. "हिची फी भरली त्यातून."

"आणि ही रेषा," बाईंनी कागदावर आडवी रेघ मारली, "पासष्टची. ही बॅरियर, म्हणजे मर्यादा. सगळा खेळ हिच्यावर आहे."

"इथं पाचरी लागतात," वायसर म्हणाली.

"कसल्या पाचरी?"

मग वायसरनं सांगितलं. चाक, बारीक दोर, रूळ, हिसका. हातवारे करून सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज जरा वर चढला होता, आणि बाबा टेबलाच्या कडेकडे बघत अधूनमधून मान हलवत होते, कारण ती सगळं बरोबर सांगत होती. "रेषा ओलांडली की लिफ्ट पकडली जाते," ती म्हणाली. "बाबा म्हणाला, पैसे पण."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "तुम्हाला असं वाटलं होतं?"

बाबांनी नुसती मान हलवली.

"उलटं आहे हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बाळ, तुझ्याच भाषेत सांगते. पाचरी आत्ता लागलेल्या आहेत. आकडा या रेषेच्या वर कितीही हेलकावे खाऊ दे, मुदत संपली की मूळचे पैसे पूर्ण मिळतात. पण मुदतीत एक दिवस जरी बाजार बंद होताना तो रेषेखाली गेला, तर पाचरी सुटतात. त्यानंतर शेवटच्या दिवशी आकडा जिथं असेल, तेवढेच पैसे. पन्नासला असेल तर शंभराचे पन्नास."

"आणि परत लागत नाहीत?"

"नाही. आकडा परत वर चढला तर पैसेही चढतील, अगदी शंभरापर्यंत. पण मधे पकडणारं कुणी नसतं."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पिक पिक आवाज येत होता. तो थांबेपर्यंत तिघं ऐकत राहिली.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "मर्यादेपर्यंत संरक्षण आहे, ओलांडली की संपलं. याच टेबलावर."

"हो, सांगितलं होतंत."

"तुम्ही मान हलवलीत."

"हलवली असेल," बाबा म्हणाले. "तेव्हा मी सगळ्यालाच हलवत होतो."

बाईंनी चष्मा काढला आणि परत घातला. "मीही एकदा विचारायला हवं होतं, काय समजलं ते सांगा म्हणून."

"आज मोडली तर?" बाबांनी विचारलं.

"शंभराला एकाहत्तर मिळतील. दुपारपर्यंत सांगितलंत तर आजचाच भाव."

"आणि थांबलो तर?"

"ते मला माहीत नाही. कुणालाच नसतं. आकडा वर गेला तर सगळे पैसे मिळतील, वर दुसरं कूपनही. खाली गेला तर याहून कमी. थांबायचं असेल तर जरूर थांबा, मिस्त्री. फक्त कुणीतरी पकडेल म्हणून थांबू नका."

बाबा बसून राहिले. आपले इतके दिवस कशाची वाट बघण्यात गेले हे कळल्यावर माणसाला धक्का बसायला हवा, असं तुला वाटेल. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते जणू आत कुठं काही दुखतंय का ते चाचपत होते. काहीच दुखत नव्हतं. त्यांनी हाताचा पंजा उलटा केला, सुलटा केला, नखातलं ग्रीस बघितलं.

"मी जरा विचार करतो," ते म्हणाले. तेच परत म्हणाले. आणि तिसऱ्यांदाही म्हणाले असते.

वायसरला बाबांचा चेहरा माहीत होता. असा चेहरा करून ते टीव्हीवरची पट्टी बघायचे. अजून कितीतरी संध्याकाळी ते असेच बघत राहतील, आणि तो आकडा एके दिवशी रेषेखाली जाईल किंवा जाणार नाही, आणि तेव्हाही ते खुर्चीवरच असतील. ती खाली वाकली. पिशवीची चेन उघडली, पाटी काढली आणि बाईंच्या टेबलावर, पेनांच्या डब्याला टेकवून, बाबांकडे तोंड करून उभी ठेवली.

लिफ्ट बंद आहे. काम चालू आहे.

बाबांनी पाटीकडे बघितलं. पाटीवर काय लिहिलंय हे त्यांना पाठ होतं, तरी त्यांनी ते सावकाश वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

"मोडा, मॅडम," ते म्हणाले.

"घरी एकदा विचारून घेता का?"

"घरनंच सांगितलंय," बाबा म्हणाले आणि हनुवटीनं पाटीकडे खूण केली.

सह्या झाल्या. या वेळी बाईंनी प्रत्येक सहीआधी विचारलं, हे कशासाठी आहे ते सांगा, आणि बाबांनी दर वेळी सांगितलं, शाळेत धडा म्हणून दाखवल्यासारखं.

घरी येताना कोपऱ्यावर बाबा म्हणाले, "एवढ्यात आपलं घर होणार नाही."

"म्हणजे आत्याकडे?"

"बघू."

वायसरनं पिशवीचा एक बंद धरला होता, तो तसाच धरून ठेवला.

आत्याला सगळं सांगितलं. सांगून संपल्यावरही ती बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिली. मग म्हणाली, "लोकांना अक्कल यायला शंभरच्या शंभर घालवावे लागतात. तुला एकोणतीसमध्ये आली. स्वस्तात पडली म्हणायची."

बाबांच्या नाकातून हवा सुटल्यासारखा एक आवाज आला. तो हसण्याचा होता की नाही ते नीट कळलं नाही, पण आत्यानं चोळणं थांबवून बघितलं.

"आत्या," वायसर म्हणाली, "सगळ्यात वरचं घर केवढ्याला आहे?"

"ते मशीनखालचं? ते कुणी फुकट दिलं तरी नको. दिवसरात्र डोक्यावर घरघर. वेड लागेल तिथं राहून."

"पण केवढ्याला?"

आत्यानं आकडा सांगितला, तिथल्या मालकाच्या बायकोकडून ऐकलेला, उरलेल्या पैशांत बसेल असा. सांगता सांगता तीच थांबली आणि तिनं भावाकडे बघितलं. बाबा मान वर करून छताकडे बघत होते, वरून जाणाऱ्या आवाजाच्या दिशेनं.

"बेअरिंग गेलंय त्याचं," ते म्हणाले. "बदललं तर निम्मा आवाज कमी होईल." आणि थोड्या वेळानं, "निम्मा राहीलच पण."

आत्यानं तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. घेऊ या असं बाबा म्हणाले नाहीत, नको असंही म्हणाले नाहीत. ते छताकडे बघत राहिले.

वायसर उठली, चपला घातल्या आणि बाहेर पडली. जिन्यानं वर गेली, अगदी वरपर्यंत, जिथं कुणी जात नाही म्हणून दिवाही लावलेला नसतो. बंद घराच्या दाराला कुलूप होतं, कडीवर कोळ्याचं जाळं. तिनं आधी लिफ्टचं बटण दाबलं. वर मशीन जागं झालं आणि घरघर सुरू झाली, इतक्या जवळून की ती दातांत जाणवत होती. मग ती त्या दारासमोरच्या गार फरशीवर आडवी झाली, हात डोक्याखाली घेतला, आणि इथं झोप लागते का ते बघायला तिनं डोळे मिटले.